ग्रंथ-विचार : दुय्यम पात्राचे दैव

ऐतिहासिक कादंबरीत नायकाची बाजू ऐकली जाते. खलपुरुषाचाही विचार होतो, कारण त्याच्यावाचून कथानक चालत नाही. खरी दैना होते ती दुय्यम पात्राची. ते दोन प्रकरणांपुरते येते, त्याला एखादी लकब व एखादे हास्यास्पद वाक्य मिळते, आणि ते निघून जाते. पात्र काल्पनिक असेल तर यात कोणाचेच नुकसान नाही. परंतु ते एके काळी हाडामांसाचे माणूस असेल तर? हा प्रश्न जॉन रस्किन या व्हिक्टोरियाकालीन इंग्रज कलासमीक्षकाच्या उदाहरणाने या मासी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रस्किन १८१९ साली लंडनमध्ये जन्मला व १९०० साली वारला. चित्रकार टर्नरच्या समर्थनार्थ त्याने ‘मॉडर्न पेंटर्स’ या ग्रंथाचा पहिला खंड १८४३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे वय अवघे २४ वर्षांचे होते. १८४८ साली एफी ग्रे हिच्याशी त्याचा विवाह झाला. १८५४ साली तो विवाह रद्दबातल ठरला, आणि पुढच्याच वर्षी एफीने मिले या चित्रकाराशी लग्न केले. ज्याची बाजू रस्किनने हिरिरीने मांडली होती, तोच हा मिले! कथालेखकास याहून आयते कथानक कोठे मिळणार?

त्यामुळे त्या काळच्या चित्रकारांवर कोणीही लिहो, रस्किन त्यात आलाच. बीबीसीच्या ‘डेस्परेट रोमँटिक्स’ (२००९) या मालिकेत तो आहे. टॉम स्टॉपर्ड यांच्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ लव्ह’ (१९९७) या नाटकाचा नायक कवी हाउसमन. तेथे रस्किन ऑक्सफर्डच्या विद्वानांच्या मेळाव्यात दिसतो. ‘मिस्टर टर्नर’ (२०१४) या चित्रपटात तर तो बोबडे बोलणारा, आत्मसंतुष्ट तरुण होऊन येतो आणि प्रेक्षकांस हसवून जातो.

यावर कोणी म्हणेल, एफीने जे सोसले ते खोटे होते काय? मुळीच नव्हे. सहा वर्षे तिने त्या घरात काढली, आणि तिची बाजू पुढे कित्येक वर्षे कोणी नीट ऐकली नाही. आज लेखक ती मांडतात हे योग्यच आहे. परंतु एकीस न्याय देताना दुसऱ्याचे सारे आयुष्य त्या सहा वर्षांत कोंबलेच पाहिजे असे नाही.

कारण जे कथेत मावत नाही, तेच येथे मोठे आहे. टर्नरच्या मृत्यूनंतर राष्ट्राकडे आलेले त्याचे सुमारे १९,००० कागद रस्किनने निगुतीने लावून ठेवले. १८६० साली ‘कॉर्नहिल’ मासिकात त्याने अर्थशास्त्रावर लेख लिहिले. माणसाचे माणूसपण वगळून संपत्तीचा हिशेब मांडता येत नाही, हे त्यांचे सार. वाचक इतके खवळले की चार लेखांनंतर संपादक थॅकरे यांस ती माला थांबवावी लागली. १८६२ साली त्याच लेखांचे ‘अन्टु धिस लास्ट’ हे पुस्तक झाले. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून दर्बानला जाताना गांधीजींनी ते आगगाडीत वाचले. मित्र पोलाक यांनी ते त्यांच्या हाती दिले होते. त्यातून फिनिक्सची वसाहत उभी राहिली, आणि १९०८ साली त्याचा गुजराती सारानुवाद ‘सर्वोदय’ या नावाने निघाला. पवनारच्या विनोबांनी तोच शब्द पुढे गावोगावी पायी नेला.

आणखी एक गोष्ट. टर्नरची काही अशोभन रेखाटने १८५८ साली जाळली गेली, असे खुद्द रस्किननेच लिहून ठेवले होते. शतकाहून अधिक काळ ते सर्वांनी खरे मानले. या शतकाच्या आरंभी टेट संग्रहालयातील अभ्यासकाने मूळ कागद तपासले, तेव्हा त्यांतील बहुतेक सुरक्षितच असावेत असे दिसून आले. मनुष्याने स्वतःविषयी सांगितलेलेही पडताळून घ्यावे लागते. मग दुसऱ्याने रंगविलेल्याची काय कथा!

कादंबरीकाराने कल्पनाच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. नाटकास हसू हवे, कथेस विरोध हवा. परंतु वाचकाने, विशेषतः घरातील तरुण मंडळींनी, एवढे करावे: ज्या खऱ्या माणसाचा कथेत उपहास झाला असेल, त्याने स्वतः लिहिलेली चार पाने वाचावी, आणि मगच मत बनवावे.

प्रत्येक मोठ्या घराण्यात एखादे आजोबा किंवा आत्याबाई असतात, ज्यांची आठवण केवळ एका फजितीच्या गोष्टीने निघते. पंगतीत ती सांगावी, हसावे. पण त्यांनी कोणास शिकविले, कोणास सांभाळले, हेही मुलांच्या कानी घालावे. नाही तर पुढच्या पिढीस फजिती तेवढी ठाऊक राहील.