रॅकेटची मूठ गोल का नसते? ऑनलाइन मागवण्याआधी हे वाचा

३० सप्टेंबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचा अंतिम सामना. पहिला सेट २-६ असा गेला, मग ६-३ आणि शेवटी १०-४. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले आणि तिचा जोडीदार रोहन बोपण्णा यांनी सुवर्णपदक जिंकलं. असे सामने आता यवतमाळ, वणी, पुसदलाही मोबाईलवर बघितले जातात. सामना बघून झाला की पुढची पायरी ठरलेली, शॉपिंग ॲप उघडायचं आणि ‘टेनिस रॅकेट’ शोधायचं.

तिथे रंग, वजन, मोठ्या खेळाडूचा फोटो, सगळं ठळक दिसतं. मुठीबद्दल मात्र कोपऱ्यात एक अक्षर आणि एक आकडा, ‘एल२’ किंवा ‘जी३’. हाताचा रॅकेटशी संबंध येतो तो फक्त मुठीतून, आणि तिचीच माहिती सगळ्यात कमी.

आता घरातली कुऱ्हाड आठवा. तिचा दांडा गोल नसतो, लांबट चपटा असतो. म्हणून अंधारातसुद्धा हातात घेतल्याबरोबर पातं कुठल्या बाजूला आहे ते कळतं. गोल दांडा असता तर घाव बसताना पातं हातात फिरलं असतं. रॅकेटचं गणित हेच आहे. चेंडू तारांच्या मधोमध लागला नाही तर रॅकेट हातात वळायला बघते. मुठीच्या सपाट बाजू ते वळणं अडवतात आणि रॅकेटचं तोंड कुठे आहे, हे न बघता तळहाताला सांगतात.

टेनिसच्या मुठीला अशा आठ बाजू असतात. रॅकेटची कड वर करून धरा. वरची बाजू म्हणजे १. उजव्या हाताने खेळणाऱ्याने तिथून घड्याळाच्या काट्यासारखं मोजत जायचं, डावखुऱ्याने उलट. तर्जनीचा मुळाचा सांधा २ नंबरवर ठेवला की सर्व्हिस आणि व्हॉलीची पकड. ३ वर सपाट फोरहँड, ४ वर आजची सगळ्यात लोकप्रिय टॉपस्पिनची पकड, ५ वर आणखी टोकाची. नेटकडे धावता धावता ४ वरून २ वर यायला क्षणभरच मिळतो. कडा बोटांना जाणवल्या नाहीत तर ते जमतच नाही.

आठही बाजू सारख्या नसतात, ही गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. आंतरराष्ट्रीय नियमांत रॅकेटची लांबी २९ इंच आणि रुंदी साडेबारा इंच, अशी मर्यादा आहे. मुठीच्या आकाराला तसं बंधन नाही. त्यामुळे विल्सनची मूठ साधारण चौकोनाकडे झुकते, तर हेडची जुन्या पद्धतीची मूठ जास्त चपटी, आयताकडे जाणारी. दोन्हींवर आकडा एकच, पण हातात घेतल्यावर वेगळ्याच वाटतात. २ नंबरच्या पकडीवाल्यांना चपटी मूठ आवडते, ४-५ वाल्यांना बरेचदा चौकोनी. हे फोटोवरून कळत नाही. एकदा हातात धरूनच बघावं लागतं.

आता आकड्यांचा घोळ. टेनिसमध्ये एल० म्हणजे ४ इंच घेर, एल२ म्हणजे सव्वाचार, एल४ म्हणजे साडेचार. एका आकड्याचा फरक जेमतेम ३ मिलिमीटर. पण योनेक्सच्या बॅडमिंटन रॅकेटवर उलटं चालतं, तिथे जी५ ही जी४ पेक्षा बारीक. बॅडमिंटनची सवय असलेला मुलगा बारीक हवी म्हणून टेनिसची जी४ मागवतो आणि घरी जाडजूड मूठ येते!

मग योग्य माप कोणतं? अनामिकेच्या टोकापासून तळहातावरच्या मधल्या रेषेपर्यंत पट्टी लावायची, ही जुनी पद्धत. सुरुवात म्हणून ठीक. चुकीच्या मापाने टेनिस एल्बो होतोच असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. २००६ साली अमेरिकेत १६ निरोगी कॉलेज खेळाडूंवर अभ्यास झाला. शिफारशीपेक्षा पाव इंच लहान-मोठी मूठ देऊनही बॅकहँड मारताना हाताच्या स्नायूंच्या कामात लक्षणीय फरक दिसला नाही. पण ते तयार खेळाडू होते. नवशिक्या मुलाचा कोपर दुखत असेल तर या अभ्यासावर विसंबून राहू नये.

सेन्सरचं काय? बाबोलाने मुठीतच सेन्सर बसवलेली रॅकेट आणली, सोनीने मुठीच्या टोकाला लावायचा सेन्सर काढला. २०१४ पासून नियमांनीही अशा तंत्राला जागा दिली. आत असतं ते तुमच्या फोनमधल्यासारखंच, स्क्रीन आडवी करणारं ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप. फटका कोणता, किती जोरात, हे त्यावरून निघतं. पण बोटं कुठल्या बाजूवर आहेत हे त्याला दिसत नाही. शिवाय ॲप बंद पडलं की उरतं नुसतं वजन. माझ्या मते नवशिक्याने त्यात पैसे घालू नयेत.

त्यापेक्षा ओव्हरग्रिप घ्या. यवतमाळच्या मे महिन्यात हाताला जो घाम सुटतो, त्यात ती लागतेच. फक्त एका थराने घेर साधारण अर्ध्या मापाने वाढतो आणि कडा थोड्या बोथट होतात, म्हणून थरावर थर चढवू नका. दोन मापांमध्ये अडलात तर लहान मागवा. लहान मूठ वाढवता येते, मोठी कमी करणं बहुतेक रॅकेटांत जमत नाही.