पायाची सूज आणि सोनोग्राफी



घरातील आजी न्हाणीघरात घसरतात, खुब्याचे हाड मोडते आणि जिंतूर, सेलू वा मानवतहून त्यांना परभणीस आणले जाते. हृदयाची तपासणी, मधुमेहावर नियंत्रण, परगावच्या मुलांची प्रतीक्षा, यांत शस्त्रक्रिया चार-सहा दिवस लांबते. तोवर पाय सुजतो. ‘हाड मोडले, सूज येणारच’ असे म्हणून सून तेल लावून मायेने पाय चेपू लागते. नेमकी हीच सेवा कधी कधी जिवावर बेतते.

कारण ती सूज केवळ हाडाची असेलच असे नाही. रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीस इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणे, हे त्रिकूट एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो यांच्या नावाने ओळखले जाते. खुबा मोडलेल्या वृद्धाच्या ठायी ही तिन्ही कारणे एकत्र येतात. पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर काही मिनिटांत सारे संपू शकते. पुष्कळदा तर सूजही दिसत नाही.

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. जांघेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत, शक्यतो पोटरीपर्यंत, डॉक्टर प्रोब फिरवतात व ठिकठिकाणी हलकेच दाबतात. निरोगी शीर दाबताच चपटी होते. गुठळीने भरलेली होत नाही. डॉपलरमुळे रक्ताचा प्रवाहही दिसतो. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. रक्ताची डी-डायमर चाचणी अस्थिभंगानंतर तशीही वाढलेली येते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबता येत नाही. सरसकट सर्वांची तपासणी करावी की नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. परंतु एक पाय दुसऱ्याहून अधिक सुजलेला असेल किंवा शस्त्रक्रिया लांबली असेल, तर डॉक्टरांना अवश्य विचारावे.

‘रुग्ण हलवता येत नाही, मग यंत्रच खाटेपाशी आणा,’ असा आग्रह काही जण धरतात. गर्भलिंगनिदानास आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर असे सहज नेता येत नाही. मोडलेला पाय घेऊन गावभर फिरण्यापेक्षा ही तपासणी त्याच इमारतीत होते का, हे दाखल होतानाच विचारावे. व्यापारात दहा चौकशा करणारे आपण दवाखान्यात मात्र गप्प बसतो!

आता आपल्या घरांतील एक नाजूक प्रश्न. गुठळी टाळण्यासाठी वा आढळल्यावर दिले जाणारे हेपॅरिन वा एनोक्सापॅरिन हे इंजेक्शन सामान्यतः डुकराच्या आतड्यापासून तयार होते. ते चालणार नसेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनवलेले इंजेक्शन आहे, मात्र मूत्रपिंडे फार क्षीण असल्यास ते देता येत नाही. काही रुग्णांना गोळ्याही चालतात. उपचार सुरू झाल्यावर मध्येच नकार देणे मात्र अत्यंत धोक्याचे. रात्री पाणी वर्ज्य करणाऱ्या ज्येष्ठांनी दिवसा किती पाणी घ्यावे, हेही त्याच भेटीत ठरवून घ्यावे.

आज तपासणीत गुठळी दिसली नाही म्हणजे पुढेही होणार नाही, असे नव्हे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन महिने धोका राहतो. घरी आल्यावर अचानक धाप लागली, छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि पोटरी दुखते म्हणून आजींनी पाय चेपायला सांगितले, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.