गाविलगड उतरला, आता जेवायचं काय?

वीकेंडला ट्रेक ठरला की आपली तयारी कशी एकदम जोरात असते. शूज घेतले, रेनकोट घेतला, पॉवरबँक चार्ज केली, ग्रुपचं नाव बदलून 'मिशन गाविलगड' केलं. एकच गोष्ट कुणाच्याही लिस्टवर नसते, ती म्हणजे उतरल्यावर जेवायचं कुठे?

आम्हीही त्यातलेच. ऑगस्टमधला रविवार होता. चौघं जण अमरावतीहून सकाळीच निघालो. चिखलदरा तिथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. परतवाडा सोडलं की घाट आणि घाट संपला की धुकं. विदर्भाचं हे एकुलतं एक हिल स्टेशन, उंची सुमारे ११०० मीटर. त्यामुळे पावसाळ्यातल्या रविवारी अख्खं वऱ्हाड इथेच भेटतं. जिंकायला इंग्रजांना १८०३ च्या डिसेंबरात तोफा लावाव्या लागल्या, तो गाविलगड आम्ही बिस्किटांच्या दोन पुड्यांवर सर केला. दिल्ली दरवाज्यापाशी फोटोही झाले. खाली आलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि पोटात कावळे नाही, गिधाडं ओरडत होती.

पहिल्या हॉटेलात किचन बंद. दुसऱ्यात 'पनीर बटर मसाला मिळेल, पण पाऊण तास थांबा.' तिसरं हॉटेल नव्हतंच, होती ती एक टपरी. तिथल्या मावशींनी आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून पोट्टेहो, वर जातानी सांगतलं असतं त भाकरी थापून ठेवल्या असत्या ना! आता मॅगी खा!"

खाल्ली. पण मावशींचं वाक्य काही डोक्यातून जाईना. डोंगरावरचं स्वयंपाकघर शहरातल्यासारखं चालत नाही. भाजी, गॅस, किराणा सगळं खालून येतं. गर्दी फक्त सुट्टीच्या दिवशी. उरलेलं फेकणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे खात्रीने खपेल तेच शिजतं. आणि खपतं काय? पनीर, मंचुरियन, मॅगी. म्हणजे मेनू कार्ड हॉटेलवाला नाही, आपणच लिहितो!

मेळघाट म्हटलं की आपल्याला एक तर वाघ आठवतो, नाहीतर कुपोषणाच्या बातम्या. या डोंगरात काय पिकतं, हे कुणी विचारतच नाही. कोरकू शेतकऱ्यांची कोदो-कुटकी आहे, मका आहे, ज्वारी आहे. गवळ्यांचं दूध आहे. आपण तीन तास गाडी चालवून येतो आणि घराखालच्या हॉटेलात मिळतं तेच मागवतो. मग डोंगरातला माल डोंगरात खपणार कसा?

म्हणून पुढच्या वेळी हे करून बघा. जवळच्या मोथा गावात गवळ्यांची वस्ती आहे. तिथला खवा आणि रबडी खा, डाएट सोमवारपासून. पॉइंट्सवर निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस आणि गरम भजी घ्या. जेवायला बेसन-भाकर (पुणेकर तिला पिठलं-भाकरी म्हणतात), सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. थंडीत गेलात तर इथल्या स्ट्रॉबेऱ्या मिळतात. आणि हो, चिखलदऱ्यात कॉफीही पिकते! पण टपरीवर नुसती 'कॉफी' म्हटलं की बहुतेकदा पाकिटातली समोर येते. 'इथली आहे का?' असं मुद्दाम विचारा.

डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून बहिरमच्या यात्रेला जाच. मातीच्या हंडीत शिजलेलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, ही आमच्याकडची खरी पार्टी. शाकाहारी मंडळींनी नाराज व्हायचं कारण नाही. अमरावतीत पोचल्यावर गिला वडा आहेच.

अकोलेकरांचा ट्रेक बहुधा नरनाळ्याचा. त्यांनी तर अकोटातच पोटाची सोय करून निघावं. पायथ्याच्या शहानूरला पोचल्यावर शोधाशोध नको.

थोडक्यात काय :
* गड चढायच्या आधी जेवण सांगून ठेवा. किती जण आणि किती वाजता, दोन्ही सांगा.
* थोडा अ‍ॅडव्हान्स द्या आणि सांगितलेली वेळ पाळा.
* सुटे पैसे खिशात ठेवा. धुक्यात रेंज गेली की मोबाईलवरून पैसे जात नाहीत.
* अंधार पडायच्या आत घाट उतरता येईल, अशा बेताने जेवा.
* कचरा परत आणा. हे जंगल वाघाचंही आहे.

सप्टेंबरात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी वर जाताना आधी मावशींकडे थांबलो, चार जणांचं सांगितलं, पैसे दिले. तीन वाजता उतरलो तर चूल पेटलेली, भाकऱ्या टम्म फुगलेल्या आणि बेसनाला असा काही वास, की कुणी फोटोसुद्धा काढला नाही. मावशींनी चौथी भाकरी ताटात टाकत विचारलं, "आता कसं वाटते?"

तोंड भरलेलं होतं. नुसती मान डोलावली.