परत येण्याची हमी, न येण्याची सोय

अमेरिकेत रेसिडेन्सी करायला निघालेल्या भारतीय डॉक्टरला जे-१ व्हिसासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून एक पत्र आणावं लागतं. त्याला म्हणतात स्टेटमेंट ऑफ नीड. हा डॉक्टर ज्या विषयात शिकणार आहे त्या विषयाच्या तज्ज्ञांची भारताला गरज आहे, आणि शिक्षण संपल्यावर परत येण्याची लेखी हमी त्याने सरकारला दिली आहे, असं त्या पत्रात लिहिलेलं असतं. डॉक्टर हमी देतो, मंत्रालय सही करतं, अमेरिका पत्र फाइलला लावते. तिघांपैकी कुणाचाही त्या मजकुरावर विश्वास नसतो.

डॉक्टरांनी अमेरिकेला जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. खुशाल जावं. पण उमेदीच्या वयातल्या माणसाकडून एक खोटं वदवून घ्यायचं आणि मग त्याच खोट्याच्या धाकाने त्याला कामाला जुंपायचं, याला व्हिसाचा नियम म्हणायचं का?

नियम असा. जे-१ हा मुळात देवाणघेवाणीचा व्हिसा. आठवड्याला ८० तासांपर्यंत ड्युटी करणारा रेसिडेंट कागदोपत्री पाहुणा असतो. प्रशिक्षण संपलं की त्याने दोन वर्षं मायदेशी राहायचं, त्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड नाही. हेतू उदात्त: तिथलं ज्ञान इथे यावं. आता बारीक अक्षरांतलं वाचा. कायद्याची अट मायदेशात 'राहण्याची' आहे, रुग्ण तपासण्याची नाही. परतलेल्या हृदयरोगतज्ज्ञाने दोन वर्षं कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वेब सिरीज बघितल्या तरी अट पूर्ण होते. तो गडचिरोलीत गेला की नाही, हे अमेरिका विचारत नाही आणि आपलं सरकारही विचारत नाही. अमेरिकेऐवजी तो आखातात नोकरीला गेला, तर त्या कायद्याला त्याच्याशी काही देणंघेणंच उरत नाही.

मग नियम टिकलाय कशासाठी? उत्तर कॉनराड ३० या योजनेत आहे. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाची ही योजना १९९४ साली सुरू झाली. तेव्हा प्रत्येक राज्याला वर्षाला २० जागा होत्या, २००२ पासून ३० झाल्या. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम करायला तयार असाल, तर दोन वर्षांची अट माफ. म्हणजे 'तुमच्या देशाला तुमची गरज आहे' हे वाक्य, डकोटाला गरज पडली की आपोआप खोडलं जातं. राज्य केवढंही असो, जागा ३०. जवळपास ४ कोटी लोकवस्तीच्या कॅलिफोर्नियाला ३० आणि सहा लाखांच्या आतल्या वायोमिंगलाही ३०. तीन दशकं झाली तरी योजना तात्पुरतीच आहे, संसद तिला मुदतवाढीवर मुदतवाढ देत असते.

त्या तीन वर्षांत डॉक्टरची अवस्था काय असते? मालकाने कबूल केलेल्यापेक्षा जास्त ड्युट्या लावल्या, पगार अडवला, तरी नोकरी सहज बदलता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती आहे हे सिद्ध करावं लागतं. करार मोडला तर दोन वर्षांची अट पुन्हा मानगुटीवर. हे मालकालाही ठाऊक असतं, आणि पगाराची बोलणी तिथेच संपतात. आपल्याकडे याला वेठबिगारी म्हटलं तर लोक अतिशयोक्ती म्हणतील. बरं, वेठबिगारी नको म्हणू. पण ज्या नोकरीत 'राजीनामा देतो' म्हणता येत नाही, तिला दुसरं काय म्हणायचं ते सुचवा.

मी सॉफ्टवेअरवाला. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजातून इंजिनिअर झालो, बरोबरचे कितीतरी जण एच-१बीवर गेले. त्यांच्याकडून परतीची हमी कुणी घेतली नाही. उलट एच-१बीवर असताना कायमचं राहण्याचा इरादा बाळगणं कायद्याला चालतं. काही रुग्णालयं डॉक्टरांनाही एच-१बी देतात, पण त्यासाठी यूएसएमएलईची तिसरी परीक्षा आधीच पास व्हावी लागते. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून नव्याने आणायच्या माणसाच्या अर्जावर १ लाख डॉलर लावलेत. रेसिडेंटसाठी एवढे पैसे मोजणारं रुग्णालय शोधून दाखवा. आणि कॉनराडची तीन वर्षं भरली तरी भारतीय डॉक्टर उभा राहतो तो आमच्याच ग्रीन कार्डाच्या रांगेत, एका देशाला सात टक्क्यांच्या मर्यादेत.

आता आपल्या घरातलं. २०११ मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयाने गाजावाजा करून जाहीर केलं की अमेरिकेला गेलेल्या डॉक्टरांना 'परतण्याचं बंधन नाही' हे प्रमाणपत्र यापुढे द्यायचं नाही, अपवाद फक्त ६५ वर्षांवरच्यांचा. प्रतिभापलायनाला लगाम म्हणून टाळ्याही पडल्या. गंमत अशी, की १० जानेवारी १९७७ नंतर जे-१ वर रेसिडेन्सीला गेलेल्या डॉक्टरला मायदेशाच्या 'ना हरकती'वर सूट देण्याची तरतूद अमेरिकी कायद्यात नाहीच. म्हणजे रेसिडेन्सीला जाणाऱ्यांसाठी जे दार अमेरिकेने चौतीस वर्षांपूर्वीच बंद केलं होतं, त्याला आपण मोठ्या थाटात कुलूप लावलं. उघडं दार कॉनराडचं. तिथे आपल्याला कुणी विचारत नाही.

'करदात्यांच्या पैशावर शिकले, फेडायला नको?' हा प्रश्न रास्त आहे. पण फेड इथे, उघडपणे मागावी. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातल्या एमबीबीएसवाल्यांना वर्षभराच्या सेवेचा बाँड असतो, आणि अनेक वर्षं त्यातून १० लाख रुपये भरून सुटता येत होतं. ज्याच्या बापाकडे १० लाख होते त्याची फेड झाली. हातात असलेली वसुली अशी करायची आणि जी हातात नाही ती अमेरिकेच्या व्हिसा खात्यावर सोपवायची!

अमेरिकेला डॉक्टर हवे आहेत. तिथल्या डॉक्टरांपैकी साधारण चौथा हिस्सा परदेशात शिकलेला आहे. तर तिने तसं सरळ म्हणावं: तीन वर्षं आम्ही सांगू त्या भागात काम करा, मालक पटला नाही तर त्याच भागात दुसरा शोधा, मग कायमचे राहा. हा सौदा कडक असेल, पण खोटा नसेल.

आणि दिल्लीने निदान एक करावं. दरवर्षी कोणत्या विषयासाठी गरजेची किती पत्रं दिली आणि त्यातले किती जण हमीप्रमाणे परतले, हा तक्ता संकेतस्थळावर टाकावा. दोनच रकाने आहेत. हवं तर पान मी बनवून देतो, फुकट.