आत्मविश्वास मोजायलाच हवा




‘चांगल्या परिचारिकेला सगळे रुग्ण सारखेच, मग अविवाहित माता, समलिंगी जोडपी अशा वेगळ्या कुटुंबांना सांभाळण्याबाबतचा तिचा आत्मविश्वास मोजायचा कशाला?’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. मी प्रसूतिकक्षात काम केले आहे. केसपेपरवरच्या ‘पतीचे नाव’ या रकान्यापाशी, समोर अविवाहित माता असली, की अनुभवी सिस्टरही अडखळते आणि ‘मिस्टर कुठे आहेत?’ हा प्रश्न साऱ्या वॉर्डला ऐकू जातो. त्यात आकस नसतो. काय विचारावे हे कोणी शिकवलेलेच नसते.

अविवाहित मातेला मुलाच्या जन्मदाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले. हे तिला समजावून सांगणे किती सिस्टरना जमेल? मोजायचे आहे ते हेच. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार असा आत्मविश्वास कामागणिक बदलतो. म्हणून मोघम प्रश्न नकोत. ‘बाळंतिणीच्या जोडीदार स्त्रीला बाळ हाताळायला शिकवणे कितपत जमेल?’ असे नेमके विचारावे.

मात्र ही उत्तरे प्रशिक्षणासाठीच वापरावीत, गोपनीय अहवालासाठी नव्हे. शिवाय आत्मविश्वास म्हणजे कौशल्य नव्हे. त्यामुळे बाळंतिणींनाही त्यांचा अनुभव विचारलाच पाहिजे.

– एक निवृत्त परिचारिका, पुणे