किमान वेतन आणि शेवटचा वेचा

गेल्या वर्षी वादविवाद स्पर्धेत विषय होता, 'किमान वेतन वाढवावे का?' चिठ्ठीत मला विरोधाची बाजू आली. मग काय, इकॉनॉमिक्सच्या पुस्तकातला मागणी-पुरवठ्याचा आलेख तोंडपाठ केला. मजुरी वाढली की कामं घटतात, छोटा मालक बुडतो वगैरे वगैरे. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे भाषण इंग्रजीत ठोकलं. टाळ्या पडल्या, दुसरा नंबरही आला.

दिवाळीला हिंगणघाटला घरी गेले. आमच्याकडे कापूस म्हणजे सगळं काही. आमचं स्वतःचंही चार एकर वावर आहे. वेचणीला आलेल्या एका मावशींना मी कौतुकाने बक्षिसाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "काय बोलली वं तू?" आणि मला सांगताच येईना! इंग्रजीत जे पटत होतं, ते मराठीत त्यांच्या तोंडावर कसं म्हणू?

त्याच म्हणाल्या, "पोरी, पहिल्या वेच्याले पोतं भरते. शेवटच्या वेच्याले किलोमागं भाव थोडा वाढते, पन दिवसभर वाकून अर्धं पोतं भरत नाही. दिवस तं तेवढाच असते ना?"

हॉस्टेलवर परतल्यावर कायदा शोधला. 1948 च्या किमान वेतन कायद्याचं कलम 17 सांगत होतं की काम नगावर किंवा वजनावर असलं तरी, त्यासाठी वेगळा किमान दर ठरलेला नसेल, तर दिवसाच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही, कलम 12 मध्ये, हेच आहे. कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 सालीच एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं. म्हणजे आम्ही स्टेजवर आकडा वाढवावा की नाही यावर भांडत होतो, आणि इथे जुना आकडाच वावरापर्यंत पोचलेला नाही!

बाबांना फोनवर सांगितलं तर ते चिडले. "मले कापसाचा भाव भेटते का?" त्यांचंही खोटं नाही. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये जाहीर झाला. आणि ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केलं. मग बाजारात भाव कसा टिकणार?

पण हमीभाव मागतो म्हणजे आपण काय मागतो? बाजार काहीही म्हणो, याच्या खाली भाव नको. मावशीही नेमकं तेच मागतात. शिवाय हमीभाव काढताना दिलेली मजुरी खर्चात धरली जाते. मजुरी दाबली तर कागदावरचा खर्चही कमीच दिसणार. म्हणजे मावशींचं वेतन आणि बाबांचा भाव या दोन मागण्या नाहीतच. एकच आहे, आणि ती दोघांनी मिळून सरकारकडे मागायची आहे.

हे बाबांना सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत. "शेवटच्या वेच्याले पाहू," एवढंच म्हणाले. मी मात्र विसरणार नाहीये.

तुम्हीही एक करा. मेसमध्ये ताटं घासणाऱ्या काकांना, होस्टेलच्या बांधकामावरच्या ताईंना दिवसाचे किती मिळतात ते विचारा. आलेख नंतर काढू!