सहा किलोमीटरचं कौतुक पुरे!



परवा नातीच्या शाळेत स्नेहसंमेलनाला गेलो होतो. पाहुण्यांनी आपल्या बीडच्या अविनाश साबळेची गोष्ट सांगितली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचं पोर, वाहनाची सोय नाही, लहानपणी रोज ६ किलोमीटर पायपीट करून शाळेत जायचं... म्हणूनच ऑलिंपिकपर्यंत पोचलं! टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र हात मांडीवरच ठेवले.

अविनाशचा अभिमान मलाही आहेच. ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदाने. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी.

पण हे त्या पायपिटीमुळे झालं का हो? बारावीनंतर तो सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम इथे नोकरी केली. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्रीत धावला, पुढे अमरीश कुमार यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला. खेळाडू घडतो तो अशा आधारावर.

मी चौतीस वर्षं याच जिल्ह्यात मास्तरकी केली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या पोरांच्या नावापुढे महिनोन् महिने गैरहजेरी मांडली. सातवीतली एक हुशार मुलगी आठवते. पुढची शाळा ओढ्यापलीकडे, पाच किलोमीटरवर. घरचे म्हणाले, "गुरुजी, एकटीला कसं धाडायचं?" त्या वर्षी तिचं लग्न झालं. पाच किलोमीटरने तिला काय घडवलं?

आणि मी काय करत होतो? दर पंधरा ऑगस्टला 'कष्टाशिवाय फळ नाही' यावर भाषण ठोकत होतो. त्याची आज लाज वाटते.

कष्ट हवेतच. पण ते अभ्यासात आणि मैदानावर हवेत, शाळेच्या रस्त्यावर नकोत. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या आपल्या राज्याच्या नियमात प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक ३ किलोमीटरच्या आत असावी असं आहे. तरी २०२३ मध्ये सरकारने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार पुढे आणलाच. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, चांगलं आहे. पण पास दाखवायला गावात एसटी यायला नको का?

पोचलेल्या एकाची गोष्ट आपण सांगतो, कारण ती ऐकायला बरी वाटते आणि कुणालाच जाब द्यावा लागत नाही. पुढच्या वेळी कुणी ती सांगितली तर टाळ्या अविनाशच्या धावण्याला जरूर वाजवा, आणि मग उभं राहून एवढंच विचारा : शाळा ६ किलोमीटर लांब का होती?

असो. सूनबाई म्हणते, म्हातारपणी चिडू नये. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.